गावाचा ठराव आणि एकट्याची विहीर

गावाने एकत्र बसून केलेला ठराव एकट्या माणसावर कोणत्या अधिकाराने बंधनकारक होतो, हा राज्यशास्त्राइतकाच नीतिशास्त्राचाही प्रश्न आहे. मराठी मुलखात त्याचे जुने उत्तर ‘पाचामुखी परमेश्वर’ असे होते. पंच बोलले की त्या बोलण्यामागे देव उभा राहिला असे मानले जाई. मात्र हे पाच कोण असायचे, ते जात, वतन आणि पुरुषपण यांनी आधीच ठरवून ठेवलेले असे. म्हणून ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गाव हा राज्यव्यवस्थेचा घटक मानायला नकार दिला आणि व्यक्ती हा घटक मानला. पुढे १९९३ मध्ये अंमलात आलेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले. ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदारयादीतले सगळे, बाया आणि भूमिहीनांसह. पाचांच्या जागी सगळे आले, पण एकट्यावरच्या अधिकाराचा प्रश्न तसाच राहिला.

त्याची खरी कसोटी अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातल्या नगर तालुक्यात, हिवरे बाजारमध्ये पाहता येते. हे पर्जन्यछायेतले गाव. १९७२च्या दुष्काळानंतरची वर्षे वाईट गेली. डोंगर उघडे पडले, विहिरी आटल्या, दारू आणि भांडणे वाढली, माणसे कामासाठी बाहेर पडली. १९८९ मध्ये पोपटराव पवार बिनविरोध सरपंच झाले. पुढे गाव राज्याच्या आदर्श गाव योजनेत गेले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री गावाने स्वीकारली. पाणलोटाची कामे झाली आणि विहिरींना पाणी आले. खरा नैतिक पेच इथून पुढे सुरू होतो. पाणी नसताना एकजूट होणे अवघड असतेच, पण पाणी आल्यावर ती टिकवणे त्याहून अवघड.

गावाने शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही असे ठरवले. ऊस आणि केळीसारखी पाणीखाऊ पिके दूर ठेवली. विहीर ज्याची त्याची, जमीन ज्याची त्याची. तरी त्यातून किती उपसायचे यावर गावाचा शब्द. या शब्दाला वजन कशामुळे येते, ते पाण्याच्या ताळेबंदात दिसते. पर्जन्यमापकावर पाऊस मोजला जातो, निरीक्षण विहिरींची पातळी घेतली जाते आणि पावसाळा सरला की ग्रामसभेत जमेचा हिशेब मांडला जातो. माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला निघते, उरलेल्यावर रब्बी ठरते. पाणी कमी असेल तर गव्हाऐवजी ज्वारी, हरभरा. या सभेत सरपंचाच्या इच्छेपेक्षा विहिरीतली पातळी मोठी ठरते, आणि ती कोणालाही मोजून पाहता येते.

कायद्याने होणारा सहभाग आणि हा सहभाग यांत फरक आहे. ग्रामसभेची गणपूर्ती पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, यांपैकी जी संख्या कमी ती. तेवढी माणसे जमली नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला ती अटही राहत नाही. पुष्कळ गावांत ठरावाचे पुस्तक घरोघर फिरवून सह्या घेतल्या जातात, हे लपलेले नाही. असा ठराव कायदेशीर असू शकतो, पण ज्याच्यापुढे हिशेबच मांडला गेला नाही त्याने संमती दिली असे म्हणता येत नाही. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९०च्या ग्रंथात जगभरातली सामाईक कुरणे, मासेमारी आणि पाटपाणी तपासून हेच दाखवले. ज्यांना नियम पाळायचा त्यांचाच तो करण्यात हात असेल आणि देखरेखही त्यांचीच असेल, तर सामाईक संपत्ती टिकते. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

तरीही हिशेब सर्वांपुढे मांडला म्हणून त्यागही सारखा वाटला जातो असे नाही. चराईबंदीचेच पाहावे. जनावर डोंगरावर मोकळे सोडायचे नाही, विळ्याने गवत कापून आणायचे. ज्याच्या बांधावर कडबा आहे त्याला हे जमते. ज्याच्याकडे जमीन नाही आणि चार शेळ्या आहेत, त्याच्या रोजच्या भाकरीवर हा नियम पहिला घाव घालतो. पुढे गवत वाढले, दूध वाढले, गावातच मजुरी मिळू लागली, हे खरे. पण पहिल्या दिवशी पुढचे काही ठाऊक नसते. म्हणून ठरावाने ज्याचे सर्वाधिक जाते त्याची भरपाई आधी ठरावी. गावावर त्याचे हे ऋण आहे.

दुसरी मर्यादा विषयाची. विहिरीवरचे बंधन रास्त ठरते, कारण एकाचा उपसा शेजाऱ्याचे पाणी ओढतो. पण याच गावाने नसबंदीचे सूत्र स्वीकारले आणि लग्नाआधी एचआयव्ही तपासणीही सक्तीची केली. हेतू चांगले होते, आणि लग्न होऊन येणाऱ्या मुलीचे रक्षण हा तपासणीमागचा युक्तिवाद हलका नाही. तरी भूजल सामाईक असते, शरीर नसते. माणसाच्या देहाबाबत गावाने समजूत घालावी, सोय करून द्यावी. शेवटचा शब्द त्या माणसाचाच राहायला हवा. तत्त्वज्ञ रूसोने १७६२ मध्ये मांडलेली समष्टीची इच्छा इथेच धोक्याची होते, कारण तिला न मानणाऱ्याला स्वतंत्र होण्यासाठीच भाग पाडायचे, असे तो म्हणतो.

एकमताचा प्रश्नही याला लागूनच येतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात एकाचाही विरोध असेल तर निर्णय थांबतो, चर्चा पुढे चालते. तिथे एकट्याच्या नकाराला किंमत आहे. पण हात वर करून मत द्यायच्या सभेत भावकी, उधारी आणि उद्याची गाठभेट यांचा दाबही असतो. दारूबंदीसाठी महाराष्ट्रात बायकांचे गुप्त मतदान ठेवले गेले आणि चिठ्ठीवर उभी व आडवी बाटली आली, ती याच जाणिवेतून. नवऱ्यासमोर, सासऱ्यासमोर जे बोलता येत नाही ते शिक्क्याने सांगता येते.

हिवरे बाजारमध्ये तीस वर्षे ग्रामपंचायत बिनविरोध झाली. जानेवारी २०२१ मध्ये काहींनी उमेदवारी ठेवली, मतदान झाले आणि सातही जागा पवारांच्या पॅनलला मिळाल्या. बिनविरोध परंपरा मोडली म्हणून अनेकांना हळहळ वाटली. ती अनाठायी होती. तीस वर्षांची सहमती मतपेटीत उतरून पुन्हा निवडून आली, यात गावाचे काही गेले नाही. उलट ज्यांना नाही म्हणायचे होते त्यांना ते म्हणता आले.

शेवटी सभेत नसलेल्यांचा विचार उरतो. भूजल शिवेवर थांबत नाही. वरच्या गावाने अडवलेल्या आणि वाचवलेल्या पाण्याशी खालच्या गावाचा संबंध असतो, पण त्याला वरच्या ग्रामसभेत मत नाही. पुढच्या पिढीलाही नाही. तिचा वाटा शिल्लक ठेवायचा तो आजच्या मतदारांनीच. महाराष्ट्राच्या २००९च्या भूजल अधिनियमाने गावाऐवजी पाणलोट क्षेत्र हा घटक धरून समित्यांची तरतूद केली, त्यामागे हाच विचार आहे.