भावाची हूल आणि फळाचा त्याग

शेअर बाजारात भावाने जुना उच्चांक ओलांडला की खरेदीची झुंबड उडते आणि पुष्कळदा भाव लगेच माघारी फिरतो. ही हूल ओळखायला जाणकार बंद भाव, उलाढाल आणि सरासरीची रेषा पाहतात. लासलगावच्या कांदा लिलावातही एका ट्रॉलीला मिळालेला कमाल दर म्हणजे तेजी नव्हे. आवक टिकून असताना सरासरी दर चढला, तर त्या तेजीवर भरवसा ठेवता येतो. तरीही ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले, डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली. सरकारी हुकूम आलेखात आधी उमटत नाही.

मग हे निर्देशक निरुपयोगी आहेत का? भविष्य सांगण्यासाठी, होय. लोभाला लगाम घालण्यासाठी, नाही. कुठे थांबायचे, किती तोटा सोसायचा हे आधीच ठरवणारा माणूस गीतेतला फलत्यागच आचरतो. नफ्यासाठीच चाललेल्या धंद्यात कसला फलत्याग, असा आक्षेप येईल. पण गीता युद्धभूमीवर सांगितली गेली. तिथेही जिंकायचेच होते. फलत्याग म्हणजे हेतू सोडणे नव्हे, निकालाची मालकी सोडणे. कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेल्या शेतकऱ्याला मात्र थांबण्याची मुभाच नसते. त्याला अलिप्ततेचा उपदेश करणे अधर्म ठरेल.