जामिनाचा आकडा म्हणजे माणसाची किंमत?

समजा, चारठाण्यातल्या एका घरातला कर्ता माणूस मारला गेला. आरोपी गावातलाच, चार गल्ल्या सोडून राहणारा. काही महिन्यांनी कोर्टानं त्याला पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेच्या एका जामीनदारावर सोडलं. बातमी घरी पोचते तेव्हा पहिला प्रश्न एकच निघतो: आमच्या माणसाची किंमत पंधरा हजार?

प्रश्न पोटातून येतो, म्हणून त्याला खोटं म्हणवत नाही. पण हिशोब चुकतो. ती रक्कम मेलेल्याची किंमत नसते. आरोपी तारखेला हजर राहिला नाही तर सरकार जप्त करील, अशी ती हमी असते. अनेकदा रोख भरावीही लागत नाही, सातबारा किंवा ऐपतीचा दाखला पुढे करून काम भागतं. आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४८४ सांगतं की रक्कम अवाजवी असता कामा नये.

हे कलम श्रीमंतांसाठी नाही, याची साक्ष १९७८ च्या मोतीराम खटल्यात आहे. मोतीराम गवंडी होता. दंडाधिकाऱ्यानं दहा हजारांचा जामीन मागितला, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याचा जामीन नाकारला. सुप्रीम कोर्टात न्या. कृष्णा अय्यर यांनी त्याला एक हजाराच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडलं. आकडा वाढवा म्हणणाऱ्यानं हे लक्षात घ्यावं: पाच लाख बड्या बापाच्या पोराला चहापाण्याइतके, ऊसतोड मजुराला जन्मठेपेइतके.

तुम्हाला पुण्याचं कल्याणीनगर आठवेल. १९ मे २०२४, दोन तरुण इंजिनियर ठार, आणि गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला त्याच दिवशी जामीन, अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध. (हा लेखही साधारण तेवढाच आहे, लिहिताना हात थोडा अडखळतो.) लोक चिडले ते रकमेवर नव्हे, निबंधावर. एवढ्या घाईत मेलेल्यांच्या घरच्यांचं कुणी ऐकून घेतलं का, हा प्रश्न मला निबंधापेक्षा मोठा वाटतो.

ऐकून घेण्याचा हक्क आज आहे. लखीमपूर खीरी प्रकरणात १८ एप्रिल २०२२ रोजी सुप्रीम कोर्टानं आशिष मिश्राचा जामीन रद्द केला, कारण हायकोर्टात पीडितांना नीट म्हणणं मांडू दिलं नव्हतं. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५अ प्रमाणे तर जामिनाच्या सुनावणीची सूचना पीडिताला द्यावीच लागते. म्हणजे घरच्यांनी वकिलामार्फत सरकारी वकिलाच्या जोडीनं उभं राहावं आणि रक्कम नव्हे, अटी मागाव्यात: साक्षीदारांना भेटू नये, तालुक्यात पाऊल ठेवू नये, ठाण्यात हजेरी लावावी. धमकी आली तर जामीन रद्द करण्याचा अर्ज.

तरी एक गाठ सुटत नाही. आरोपी अजून दोषी ठरलेला नाही, आणि तालुकाबंदीनं त्याची शेती, त्याच्या म्हाताऱ्या आईचं दवाखान्याचं येणंजाणं बुडतं. ती आईही याच गावची. मला अट योग्यच वाटते, पण फुकटची वाटत नाही. आणि अट नसेल, तर तारखेच्या सकाळी जिंतूरला जाणाऱ्या एसटीत दोन्ही घरांची माणसं एकाच बाकाशेजारी बसतात, आणि तिकीट काढताना कुणी कुणाकडे पाहत नाही.