मसीहाची प्रतीक्षा आणि मनाची शांती

संकटाचे दिवस आले की, ‘इमाम महदी केव्हा येणार? हजरत ईसा मसीह (अ.) केव्हा उतरणार?’ हे प्रश्न घरोघरी ऐकू येतात. आमच्या शिरूर-दौंड भागातही तरुण मुले रात्ररात्र मोबाईलवर कयामतीच्या खुणा पाहत बसतात. ईमान दृढ व्हावे म्हणून पाहतात. उठतात ती अधिकच भेदरून. असे का व्हावे?

कयामत केव्हा, असे एकाने प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले. त्यांनी उलट विचारले की, तू तिच्यासाठी तयारी काय केलीस? त्या घडीचे ज्ञान केवळ अल्लाहपाशी आहे (कुरआन ७:१८७). जे आपल्याला दिलेलेच नाही ते धुंडाळणारे मन अशांतच राहणार.

शिरूरहून नगर दूर नाही. हिजरी सनाचे पहिले सहस्रक संपत आले असता, १५८९ ते १५९१ या काळात, तेथील निजामशाहीची सूत्रे महदवी सरदार जमाल खानाच्या हाती होती. सय्यद मुहम्मद जौनपुरी (मृत्यू १५०५) हेच महदी, अशी त्या पंथाची श्रद्धा. आपली ती नाही. तरी आरंभीच्या महदवी दायऱ्यांतील माणसे जिक्रात रमत आणि मिळेल ते सारखे वाटून खात, हे मान्य केले पाहिजे. पुढे त्या श्रद्धेला राजसत्ता लाभली. १५९१ मध्ये रोहणखेडच्या लढाईत जमाल खान पडला आणि ती सत्ताही गेली. शांती जिक्रात होती, तलवारीत नव्हती.

मग वाट कशी पाहावी? घोड आणि भीमेकाठचा शेतकरी पावसाची पाहतो तशी. पाऊस त्याच्या हाती नाही; नांगरट आहे. कयामत आली आणि हाती रोप असेल, तर शक्य असल्यास तेही लावावे, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे.

हजरत ईसा (अ.) येऊन न्याय प्रस्थापित करतील, हा विश्वास आपल्या डोक्यावरचे ओझे उतरवतो. जगाचा निवाडा आपल्याला करायचा नाही. म्हणून मनात सूड बाळगण्याचे कारण उरत नाही. मात्र आपल्या हातचा न्याय टळत नाही. ज्या घराने बहिणीचा वारसाहक्क अडवून ठेवला आहे, त्याने न्यायी मसीहाची वाट कोणत्या तोंडाने पाहावी?

अल्लाहच्या स्मरणानेच अंतःकरणांना समाधान लाभते (कुरआन १३:२८). आज इशानंतर मोबाईल बाजूला ठेवा, थोडा वेळ जिक्र करा आणि कोणाचे देणे राहिले आहे ते आठवा. अल्लाह आपल्या मनांना शांती आणि हातांना न्याय देवो. आमीन.