मेंढपाळ आणि मोलकरी

सातारा व सांगली या प्रांतांतील मंडळ्यांस आम्ही एक प्रश्न पुसतो : खरा मेंढपाळ कोणता व मोलकरी कोणता, हे ओळखावे कसे ? कित्येकांस वाटते की, जो वेतन घेत नाही तोच खरा. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ साली मिशनचे वेतन सोडिले व साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्या त्यागास आम्ही वंदन करितो. परंतु तंबू करून पोट भरणाऱ्या पौलानेच, सुवार्तिकाने सुवार्तेवर उपजीविका करावी हा प्रभूचा नियम करिंथकरांस कळविला. तेव्हा वेतन हा दोष नव्हे. आणि वेतन न घेणाऱ्यासही मानाची भूक असू शकते.

मग खूण कोणती ? तोच पौल गरिबांसाठी वर्गणी नेताना, कोणी दोष लावू नये म्हणून, मंडळ्यांनी निवडिलेला बंधू सोबत घेतो. जो पाळक दानाचा हिशेब पंचांपुढे आपण होऊन ठेवितो, प्रश्न विचारणाऱ्यावर रुष्ट होत नाही, आणि ज्या घरून काही मिळावयाचे नाही तेथील आजाऱ्याच्याही उशाशी बसतो, त्यावर भरवसा ठेवावा. जो प्रार्थनेचे मोल सांगतो, त्यापासून सावध असावे.

मात्र, प्रिय बंधुभगिनींनो, परीक्षा म्हणजे कुजबूज नव्हे. दोघातिघा साक्षीदारांवाचून वडिलावरील आरोप ऐकू नये, असे तीमथ्यास सांगितले आहे. उघडपणे हिशेब मागावा. खऱ्या पाळकास त्याने बळच येईल. आणि जी मंडळी तो कधीच मागत नाही, ती मोलकऱ्यास आपल्या हाताने दार उघडून देते.