शीर आहे की नाही

अंगठ्याचं टोक करंगळीच्या टोकाला टेकवा आणि मनगट किंचित आत वाकवा. मनगटाच्या मधोमध एक ताठ शीर कातडीखालून वर येईल. कदाचित येणारही नाही. नाही आली तर घाबरू नका.

गौरी-गणपतीला लांज्याच्या घरी सगळे जमले होते. दुपारच्या जेवणानंतर पडवीत वैद्यकीयला शिकणाऱ्या पुतणीने प्रत्येकाला हा प्रयोग करायला लावला. आत्याच्या दोन्ही मनगटांवर शीर ठसठशीत उमटली. तिच्या सख्ख्या भावाच्या, म्हणजे आमच्या काकांच्या, उजव्या हाताला ती दिसली आणि डाव्याला दिसेचना. काका हात उलटापालटा करून बघत राहिले. हा माणूस जन्मभर कमरेच्या आकडीत कोयती अडकवून माडावर चढलेला. वर गेल्यावर उजव्या हाताने नारळाचा घड तोडायचा आणि सगळा भार डाव्या हाताने पेलायचा. त्याच डाव्या हातात एक स्नायू मुळात नव्हताच, आणि त्याचं कधी काही अडलं नव्हतं.

या स्नायूचं नाव पामारिस लाँगस. कोपराच्या आतल्या बाजूला तो सुरू होतो, त्याची लांब बारीक कंडरा, म्हणजेच ती शीर, मनगटावरून तळहातात उतरते. मनगट वाकवायला तो थोडी मदत करतो, एवढंच. पाठ्यपुस्तकं सांगतात की साधारण शंभरातल्या पंधरांच्या निदान एका हातात तो नसतो, आणि हे प्रमाण निरनिराळ्या लोकसमूहांत बरंच बदलतं. ज्यांच्यात तो नाही त्यांच्या मुठीची ताकद मोजून पाहिली, तर फरक पडलेला दिसला नाही. कोपर ते मनगट एवढ्याशा जागेत असे प्रकार कितीतरी. अंगठा वाकवणाऱ्या स्नायूला कित्येकांच्या हातात एक जादा पोट असतं. बहुतेकांच्या बाबतीत जन्मापूर्वीच विरून जाणारी एक रोहिणी काहींच्या हातात म्हातारपणापर्यंत वाहती राहते. चेहऱ्यातला वेगळेपणा आपण लांबून ओळखतो. कातडीखालचा वेगळेपणा मात्र ज्याचा त्यालाही ठाऊक नसतो, आणि पुस्तकातलं चित्र म्हणजेच माणसाचा हात असं आपण धरून चालतो. ते चित्र अनेक हातांमधून काढलेलं असतं. तंतोतंत तसा हात क्वचितच कुणाचा असेल.

ही नुसती कुतूहलाची गोष्ट असती तर पडवीतच संपली असती. पण शल्यविशारदाला दुसरीकडे कंडरा जोडायची असते, तेव्हा तो बहुधा पामारिसचीच काढून घेतो, कारण ती गेल्याने हाताचं काही बिघडत नाही. तिच्या लगेच खाली मीडियन नर्व्ह असते. अंगठा, तर्जनी आणि मध्यमेचा स्पर्श ती सांभाळते. ज्या हातात पामारिस नाही त्यात घाईने शोधायला गेलं, तर ही नर्व्हच पांढरट दोरीसारखी समोर येते. तिलाच कंडरा समजून कापून काढल्याचे प्रकार वैद्यकीय लिखाणात नोंदलेले आहेत. अंगठा-करंगळीची चाचणी आधी करायला मिनिटही लागत नाही. ती राहून जावी, हे मला अक्षम्य वाटतं.

नर्व्हच्या वाटाही अशाच वेगळ्या असतात. करंगळीच्या बाजूने जाणारी अल्नर नर्व्ह आणि मधली मीडियन नर्व्ह यांच्यात काहींच्या कोपराखाली एक आडवा दुवा असतो. स्वीडनच्या रोलांड मार्टिन यांनी 1763 मध्ये तो दुवा वर्णन केला, वेंझेल ग्रूबर यांनी 1870 मध्ये त्याचा बारकाईने अभ्यास मांडला, आणि आज तो त्या दोघांच्या नावाने ओळखला जातो. साधारण पाच-सहा माणसांमागे एकात तो सापडतो. अशा हातात तळहातातल्या बारीक स्नायूंकडे जाणारे काही तंतू कोपरापर्यंत मीडियनमधून येतात आणि मग अल्नरमध्ये शिरतात.

कुष्ठरोगात याचं महत्त्व कळतं. या रोगात अल्नर नर्व्ह बहुधा कोपराच्या जरा वरच दुखावते. बारीक स्नायू लुळे पडतात, करंगळी आणि अनामिका नखीसारखी आत वळतात. हा दुवा असलेल्या माणसाची बोटं मात्र सरळ राहू शकतात, कारण बारीक स्नायूंचे ते तंतू दुखावलेल्या जागेवरून गेलेलेच नसतात. स्पर्शाचे तंतू सहसा या वाटेने येत नाहीत. म्हणजे बोट हलतंय, पण चुलीवरच्या तव्याचा चटका त्याला कळत नाही. हात नीट हलतो एवढं बघून अशा माणसाला परत पाठवलं, तर आजार आत वाढत राहतो. म्हणून तपासायला आलेल्या आरोग्यसेविकेने डोळे मिटायला लावून, करंगळीच्या टोकाला स्पर्श करून विचारायला हवं: कळतंय का?

वळलेली बोटं पुन्हा सरळ करण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचलं, त्यांत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातले डॉ. नोशीर अंटिया होते. कुष्ठरुग्णाला हात लावायला माणसं कचरत तो काळ. लुळ्या स्नायूंचं काम पामारिस लाँगसकडे कसं सोपवायचं, हे त्यांनी 1969 मध्ये हाताच्या शस्त्रक्रियेला वाहिलेल्या एका नियतकालिकात मांडलं. या शस्त्रक्रियेत कंडरा तळहाताकडून सोडवतात. मांडीतल्या चिवट आवरणाची पट्टी जोडून ती लांब करतात, तिच्या चार शेपट्या करतात आणि चारही बोटांना एकेक जोडतात. काकांच्या डाव्या हाताला ज्याची कधी गरजही पडली नाही, तो स्नायू इथे चार बोटांचा आधार होतो. हेच अंटिया पुढे कोकणात, अलिबाग तालुक्यातल्या मांडव्याला, गावातल्या फारशा न शिकलेल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवत होते. आजाराची पहिली खूण गावातच ओळखली गेली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. मला तो शस्त्रक्रियेइतकाच मोठा वाटतो.

टाके निघाले, प्लास्टर सुटलं की रुग्णाचं काम सुरू होतं. मनगट वाकवणाऱ्या स्नायूला आता बोटं मुळाशी वाकवायला शिकवायचं असतं. व्यायाम घेणारी बाई समोर बसून बोटं सरळ ठेवायला आणि फक्त मुळाशी वाकवायला सांगते, पुन्हा पुन्हा. काही आठवड्यांत भाताचा घास त्या बोटांत धरता येऊ लागतो. आणि ज्याच्या हातात पामारिस नाही त्याच्यासाठी वेगळा बेत करावा लागतो. बोटं वाकवणाऱ्या वरच्या थरातल्या स्नायूंपैकी एकाची कंडरा घ्यावी लागते. हे शस्त्रक्रियेच्या टेबलावर कळून चालत नाही. आदल्या दिवशीच रुग्णाच्या खाटेशी बसून त्याचा अंगठा करंगळीला टेकवायला सांगायचं, मनगट वाकवायला सांगायचं आणि त्याच्या कागदावर लिहून ठेवायचं: उजवा हात, आहे, डावा हात, नाही.