बाबांची गाडी आणि तीन चमचे

तत्त्वज्ञान हा विषय बी.कॉम.ला नसतो. पुढे बँकेतही त्याची फारशी गरज पडत नाही. पण बाबांच्या माघारी त्यांची १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी पेट्रोलइतकंच ऑइल पिऊ लागली, मी तिचं इंजिन मालवणातल्या घराच्या पडवीत खोलायचं ठरवलं, आणि तत्त्वज्ञान आपण होऊन दारात आलं.

महिनाभर आमच्या पडवीत माणसाला बसायला जागा नव्हती. पाटावर पिस्टन, परातीत व्हॉल्व्ह, आणि हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका क्रँकशाफ्ट ओलांडून आत. मेस्त्री दर रविवारी यायचे. सिलिंडर झिजून लंबगोल झाले होते. पिस्टन गोल आणि भोक लंबगोल, अशा जोडप्याचं जमणार कसं? शेवटी ब्लॉक लेथवर नेऊन रिबोअर केला. भोकं अर्ध्या मिलिमीटरनं वाढली, तेवढेच मोठे पिस्टन आले. रिंगा, बेअरिंगं, व्हॉल्व्ह, गॅस्केट सगळं नवं.

इथं कारकुनाचा हात शिवशिवला. मूळ इंजिनाचं भोक ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५, सिलिंडर चार. म्हणजे १०८९ सीसी. आता भोक साडेअडुसष्टचं झाल्यावर ११०५ भरतात. पुस्तकी शिल्लक आणि प्रत्यक्ष शिल्लक यांत सोळा सीसींचा फरक! सोळा सीसी म्हणजे चहाचे तीन चमचे. तुम्ही म्हणाल, एवढंच ना? अहो, तीन रुपये जास्त आले तरी आम्ही रात्री आठपर्यंत बसणारी माणसं.

शेजारचे अण्णा पडवीत डोकावून म्हणाले, "मेल्या, ह्येच्यात आता तुझ्या बापाशीचा काय रवला?"

प्रश्न साधा होता, पण त्यात पैसे गुंतले होते. मी डोंबिवलीच्या दादाकडे निम्मा खर्च मागितला, तेव्हा तो म्हणाला, "अरे, सगळं नवंच घातलंयस. ती आता तुझी गाडी झाली." गाडी सुरू झाल्याचं कळताच पुन्हा त्याचा फोन आला, "चिंगीच्या लग्नात नवरी बाबांच्याच गाडीतून जाईल हं!"

आता या दोन्हींतली गाडी कुठली?

थोरामोठ्यांनाही हा प्रश्न पडलेला आहे. अथेन्सच्या लोकांनी थीसियस राजाचं जहाज जपून ठेवलं आणि कुजेल ती फळी बदलत गेले. जहाज तेच की दुसरं, यावर तिथले पंडित भांडत, असं प्लूटार्कनं लिहिलंय. मालवणच्या धक्क्यावर होडीच्या फळ्या वर्षानुवर्षं बदलतात, पण असं भांडण मी तरी ऐकलेलं नाही. पुढे १६५५ साली हॉब्ज या इंग्रजानं आणखी एक पाचर मारली. समजा, काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जमवून दुसरं जहाज बांधलं, तर खरं कुठलं? या हिशेबानं बाबांची निम्मी गाडी आमच्या माळ्यावर बिस्किटांच्या डब्यात आहे. दादाला ती पार्सलनं पाठवायची माझी तयारी आहे.

आपल्याकडे नागसेन भिक्षूनं मिलिंद राजाला विचारलं होतं, "तू रथातून आलास ना? मग चाक म्हणजे रथ का? कणा म्हणजे रथ का?" राजा प्रत्येक वेळी नाही म्हणाला. रथ हे सगळ्या भागांच्या जुळणीला दिलेलं नाव, एवढंच निघालं. पण नावावर कर्ज असेल तर काय करायचं, हे राजानं विचारलं नाही. तो राजा होता, कारकून नव्हता.

सरकारचं मत ठाम आहे. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदली गेली. वीस वर्षं भरताच, २०२३ च्या ऑक्टोबरअखेर, तिची टॅक्सी म्हणून मुदत संपली. इंजिन कालच बांधलंय, ही सबब तिथं चालत नाही. वय मोजायचं ते नोंदणीपासून.

मला मात्र उत्तर काउंटरवर सापडलं. एखाद्यानं १९७० साली भरलेली नोट आज बँकेत नसते. मॅनेजर बदलले, लेजरं जाऊन कॉम्प्युटर आले, तरी खातं तेच आणि शिल्लक त्याचीच. कारण बँक ते देणं नाकारत नाही. उलट एखादा कर्जदार म्हणाला, "साहेब, कर्ज घेणारा मी आता उरलो नाही," तर आम्ही त्याच्या आत्मिक प्रगतीचं अभिनंदन करू आणि व्याज लावू. वस्तू तीच राहते ती भागांमुळे नव्हे. तिचं देणं कुणीतरी आपलं म्हणून पुढे चालवतं, म्हणून.

गाडीच्या कप्प्यात बाबांची वही आहे. तारीख, किलोमीटर, काम, रुपये-पैसे. त्यांच्या शेवटच्या नोंदीखाली एकही ओळ न सोडता मी नवे पिस्टन लिहिले. अक्षर बदललं, वही बदलली नाही. अण्णांना मी तेवढंच दाखवलं. ते चष्मा लावून बराच वेळ वाचत बसले.

दादाच्या नावापुढे निम्मी रक्कम 'येणे' म्हणून लिहिली आहे. ती भरली, की 'बाबांची गाडी' म्हणायचा त्याचा हक्क पक्का. चिंगीला गाडी मिळेलच. आजोबांचं तिच्याकडे काही येणं नाही.

राहता राहिले तीन चमचे. ते मी तूर्त सस्पेन्स खात्यात टाकले आहेत.