साठवण कोणासाठी?



योसेफाची गोष्ट आपण धर्मशिक्षणाच्या वर्गापासून ऐकत आलो आहोत. फारोच्या स्वप्नातल्या सात पुष्ट गायी, सात रोडक्या गायी, आणि सुगीच्या सात वर्षांत धान्य साठवून दुष्काळाच्या सात वर्षांत मिसर देशाला जगवणारा तो शहाणा तरुण. संकट आधी ओळखा आणि शेतीची घडी वेळीच बदला, असे आज तज्ज्ञ शेतकऱ्यांना सांगतात. योसेफाने नेमके तेच केले. पण वर्गात ही गोष्ट भावांच्या भेटीपाशी, आनंदाश्रूंपाशी संपते. उत्पत्तीच्या पुस्तकाचा सत्तेचाळिसावा अध्याय सहसा कोणी वाचून दाखवत नाही.

त्या अध्यायात लोक धान्य विकत घ्यायला येतात. हे धान्य त्यांच्याच शेतांतून पंचमांशाने गोळा केलेले होते, हे ध्यानात असू द्यावे. आधी त्यांचे पैसे संपतात. मग गुरेढोरे जातात. शेवटी उरतात देह आणि जमीन. योसेफ तीही फारोसाठी घेतो, बियाणे देतो, आणि पिकाचा पाचवा हिस्सा कायमचा राजाचा ठरवतो. लोक जगले, त्यांनी उपकार मानले, आणि ते फारोचे दास झाले. (पुरोहितांच्या जमिनीला मात्र हात लागला नाही, असेही तिथे लिहिले आहे. आम्हां धर्मगुरूंनी ती ओळ जरा सावकाश वाचावी.)

जीव वाचला एवढ्याने मदत न्याय्य ठरते का? की मदत संपल्यावर जमीन आणि पाणी कोणाच्या हाती राहिले, हेही विचारायला हवे?

हा प्रश्न आता आपल्या शिवारात आला आहे. २०२३चा ऑगस्ट हा देशात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. दोनच वर्षांनी, २०२५च्या सप्टेंबरात, सीना नदीला पूर येऊन सोलापूर-धाराशिवकडची उभी पिके गेली, कित्येकांची मातीही वाहून गेली. पावसाचा स्वभावच बदलला आहे. थोड्या दिवसांत धो धो कोसळतो आणि मग आठवडेच्या आठवडे तोंड दाखवत नाही. ज्या धुराने हवा तापली, त्यात कोरडवाहू शेतकऱ्याचा वाटा सर्वांत कमी. बदलायला मात्र त्यालाच सांगितले जाते. तेव्हा त्याला मदत करताना आपण उपकाराची भाषा बोलू नये, हे आधीच सांगून ठेवतो.

शेततळ्याचेच पाहा. वाहून जाणारे पावसाचे पाणी अडवावे आणि पावसाने ओढ दिली की पिकाला एखाद-दुसरे पाणी द्यावे, ही कल्पना चांगलीच होती. २०१६मध्ये सरकारने ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आणली. पुढे दुष्काळी तालुक्यांत अनेक ठिकाणी काय झाले, ते आपण पाहतोच. तळ्यात प्लास्टिकचा कागद अंथरायचा आणि विहिरीचे, बोअरचे पाणी उपसून ते भरायचे. जमिनीखाली सावलीत असलेले पाणी उन्हात आणून ठेवायचे. त्यातले काही वाफ होऊन जाते, आणि कागदामुळे खाली थेंबही झिरपत नाही. आपल्याकडच्या काळ्या खडकात पाणी असते ते वरच्या मुरमात आणि भेगांत, आणि त्या भेगा काही गट नंबर पाहून पडलेल्या नाहीत. एकाचे तळे भरते तेव्हा शेजाऱ्याची उथळ विहीर तळ गाठते. त्याच्याकडे बोअर मारायला पैसे नसतात. तो टँकरची वाट पाहतो, नाहीतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातो.

तळे भरणारा मनुष्य दुष्ट आहे का? आम्हांला तसे वाटत नाही. डाळिंबाची बाग, सोसायटीचे कर्ज, मुलीची फी. खात्याने सांगितले, अनुदान मिळाले, त्याने केले. लूकच्या शुभवर्तमानातील तो धनवान, जुनी कोठारे पाडून मोठी बांधायला निघालेला, तोही चोर नव्हता. पीक त्याच्याच शेतातले होते. योसेफ साठवतो, हाही साठवतो. पण याच्या बोलण्यात ‘माझे’ सोडून दुसऱ्या कोणाचे नावच येत नाही.

सेमिनरीत संत थॉमस अक्वायनस यांचा एक भेद पाठ करावा लागे. वस्तू मिळवणे आणि सांभाळणे हा माणसाचा अधिकार आहे. वापरताना मात्र ती सर्वांची आहे असे समजावे आणि गरजवंताला द्यायला तयार असावे. परीक्षेपुरते ते सोपे होते. विहिरीच्या काठावर अवघड जाते. खोदाई माझी, मोटार माझी, मग पाणी माझे का नाही?

विलासराव साळुंखे या अभियंत्याने याचे उत्तर नियमांतच लिहून ठेवले. १९७२च्या दुष्काळाने ते अस्वस्थ झाले आणि पुरंदर तालुक्यातील नायगावला देवस्थानाची ४० एकर जमीन भाडेपट्ट्याने घेऊन कामाला लागले. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिथे पाणी एकरांवर मिळत नसे, घरातल्या माणसांवर मिळे: माणशी अर्ध्या एकरापुरते, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी भरायचा. (फारोला पाचवा हिस्सा देऊन लोक दास झाले, इथे तो भरून हक्कदार झाले.) आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा. त्याने पाणी घेऊन काय करायचे, असे कोणी विचारील. तो आपला वाटा जमीनवाल्याला देऊन पिकात भागीदार होऊ शकतो. मजुरीला जाणे आणि भागीदार म्हणून जाणे, यांतला फरक ज्याने मजुरी केली त्याला सांगावा लागत नाही.

आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतो. आधी पिण्याचे पाणी, मग जनावरांचे, आणि उरेल त्यावर पीक. शेतीसाठी बोअर तिथे बंद आहे. अशा कामांतही एक बोच असतेच. डोंगर हिरवा करायचा तर चराई बंद करावी लागते. झळ पहिली बसते ती चार शेळ्यांवर घर चालवणाऱ्या बाईला, आणि अडवलेले पाणी उतरते ते खालच्या विहीरवाल्याच्या शेतात. तिचे काय, हे कुऱ्हाड आणि शेळी बांधून ठेवण्याआधी ठरले पाहिजे.

आपल्या धर्मग्राम परिषदेपुढे काही कुटुंबांना शेततळ्यासाठी मदत करण्याची सूचना आली आहे. आमचे मत असे की मदत द्यावी. पण आधी आसपासच्या विहिरींची पातळी मोजावी, तळे पावसाच्या पाण्यानेच भरले जाईल असे लिहून घ्यावे, आणि टंचाईत शेजारच्या घरांना पिण्यापुरते पाणी मिळेल हेही त्यात असावे. चर्चच्या आवारातील बोअरलाही हाच नियम लावावा. काहींना हे जाचक वाटेल. त्यांनी तसे समोर येऊन बोलावे.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर बैठक आहे. सातबारा असलेल्यांनी यावेच. ज्यांच्या नावावर सातबारा नाही, त्यांनी जरा आधी येऊन पुढच्या बाकांवर बसावे.